सहारला उतरणार, पुढचं विमान नवी मुंबईहून: वेळ पुरेल का?

"दुबईहून दुपारी दोनला मुंबईत उतरतोय. साडेपाचचं नागपूरचं विमान आहे. साडेतीन तास पुरतील ना?"

असा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. त्यावर आधी उलट विचारावं लागतं, नागपूरचं विमान कुठून सुटतं? "मुंबईहूनच की," असं उत्तर येतं. मग तिकीट नीट उघडून पाहिलं की कळतं, उतरायचं आहे सहारला आणि पुढे चढायचं आहे नवी मुंबईत.

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. सुरुवात देशांतर्गत मार्गांनी झाली, त्यांत नागपूर आणि गोव्याचं मोपाही होतं. त्यामुळे परदेशातून सहारला उतरून नवी मुंबईहून घरी जाणाऱ्यांची अडचण सर्वांत मोठी आहे. तिकिटांच्या संकेतस्थळांवर 'मुंबई' असं शोधलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत दिसू शकतात, आणि स्वस्त विमान वर असतं. तिथे घाईत बोट पडतं.

तिकीट काढण्याआधी तीन अक्षरांचा संकेत वाचायची सवय लावून घ्या. सहार-सांताक्रूझचा संकेत 'बीओएम' आहे, नवी मुंबईचा 'एनएमआय'. 'बीओएम' दिसलं तरी टर्मिनल कोणतं तेही पाहा. टर्मिनल १ सांताक्रूझला, विलेपार्ल्याच्या बाजूला, आणि टर्मिनल २ सहारला. दोहोंमध्ये काही किलोमीटरचा रस्ता आहे आणि संध्याकाळी तोही वेळ खातो.

आधी हे पाहा: तिकीट एक आहे की दोन?

वेळेचा हिशेब त्यानंतर करू. विमान चुकलं तर भुर्दंड कोणाला, हे या एका गोष्टीवर ठरतं.

दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील, तर तुम्हाला शेवटच्या मुक्कामी पोचवायची जबाबदारी विमान कंपनीची असते. पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात जागा देणं तिचं काम. शिवाय विमानतळ बदलायचा असेल तर किमान किती वेळ हवा याची मर्यादा कंपन्यांनी ठरवलेली असते आणि त्याहून कमी वेळाचं जोड-तिकीट सहसा निघतच नाही.

तिकिटं दोन असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही विमानतळावर न आलेले प्रवासी. पहिलं विमान तीन तास उशिरा आलं याच्याशी तिचा काही संबंध नसतो. तुमची 'नो-शो' अशी नोंद होते आणि तिकिटाचे बहुतेक पैसे जातात. दोन्ही तिकिटं एकाच कंपनीची पण वेगवेगळी काढलेली असतील, तरी कायद्याने स्थिती हीच. काउंटरवरच्या माणसाने मदत केली तर तो त्याचा चांगुलपणा.

सर्वांत फसवी असते ती मधली अवस्था. काही संकेतस्थळं दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं एकत्र बांधून एकाच व्यवहारात विकतात. पैसे एकदाच भरले, ईमेल एकच आला, म्हणून तिकीट एकच असेल असं आपण धरून चालतो. ते ओळखायचं कसं?

- संकेतस्थळाचा बुकिंग क्रमांक आणि विमान कंपनीचा पीएनआर या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन उड्डाणांना दोन पीएनआर दिसले तर सावध व्हा.
- ई-तिकिटावर १३ अंकी तिकीट क्रमांक असेल तर तो दोन्ही उड्डाणांना एकच आहे का, ते पाहा.
- 'सेल्फ ट्रान्सफर' असे शब्द कुठेही दिसले, की विमानतळ बदलणं, बॅगा नेणं आणि चुकलं तर निस्तरणं, सगळं तुमच्यावर आहे असं समजा.
- तरीही शंका राहिली तर पैसे भरण्याआधी पहिल्या विमान कंपनीला फोन करा आणि एकच विचारा: "माझं पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढचं तिकीट तुम्ही बदलून द्याल का?"

एकाच तिकिटाचीही एक अट आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. तिकिटावरची उड्डाणं क्रमानेच वापरावी लागतात. समजा, नागपूर ते नवी मुंबई आणि पुढे सहारहून लंडन असं एक तिकीट आहे. कंपनीला न सांगता तुम्ही रेल्वेने मुंबईला आलात आणि थेट सहारला उभे राहिलात, तर पहिला टप्पा न वापरल्यामुळे पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, रद्द झालेले असू शकतात. बेत बदलायचा असेल तर आधी कंपनीला कळवून तिकीट बदलून घ्या आणि नव्या तिकिटाची ईमेल हातात आल्याशिवाय घर सोडू नका.

वेळेचा खरा हिशेब

परदेशातून सहारला उतरून नवी मुंबईहून देशांतर्गत विमान पकडायचं असेल, तर वेळ कुठे जातो ते पाहू. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. पहिला आकडा सगळं सुरळीत असतानाचा, दुसरा गर्दीच्या वेळचा.

- विमान टेकल्यापासून तुम्ही विमानातून बाहेर पडेपर्यंत: १५ ते २५ मिनिटं
- इमिग्रेशन: २० ते ६० मिनिटं
- बेल्टवर बॅगा येणं: २० ते ४५ मिनिटं
- कस्टम्स: १० ते १५ मिनिटं
- टॅक्सी मिळून बॅगा डिकीत पडेपर्यंत: १५ ते ३० मिनिटं
- रस्ता: ७५ ते १५० मिनिटं
- नवी मुंबईत दारावरची ओळखपत्र तपासणी आणि बॅग देण्याची रांग: २० ते ४० मिनिटं
- देशांतर्गत उड्डाणाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून आणखी ६० मिनिटं

बेरीज करा. सगळं जुळून आलं तरी चार तासांना पाच मिनिटं कमी. सगळंच लांबलं तर सात तासांच्या वर. साडेतीन तासांत हे जमत नाही, आणि त्यात पहिलं विमान वेळेवर येईल असं आपण गृहीत धरलं आहे.

माझा सल्ला असा. दोन वेगळी तिकिटं असतील तर परदेशातून देशात येताना किमान सहा तास ठेवा. देशांतर्गत विमानातून उतरून देशांतर्गतच पकडायचं असेल तर पाच. उलट दिशेने, म्हणजे नवी मुंबईत उतरून सहारहून परदेशी जायचं असेल, तर किमान सात, कारण तिथलं तिकीट महाग असतं आणि काउंटरची रांगही मोठी असते. अमेरिका किंवा कॅनडाचं विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. एका रात्रीच्या खोलीचं भाडं बुडालेल्या तिकिटापेक्षा पुष्कळ कमी असतं.

हातातल्या एका बॅगेवर प्रवास करणाऱ्यांचं गणित वेगळं. बेल्टवर थांबायचं नाही, बॅग देण्याची रांग नाही, बोर्डिंग पास मोबाइलवर घेतलेला. त्यांचा तासाभराहून अधिक वेळ वाचतो. वारंवार परदेशवारी करणाऱ्या भारतीय नागरिकांनी आणि ओसीआय कार्डधारकांनी इमिग्रेशनच्या 'फास्ट ट्रॅक' योजनेत नाव नोंदवावं. जानेवारी २०२५ पासून ती मुंबईतही आहे. ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद एकदा द्यावी लागते, मग ई-गेटमधून जाता येतं.

तारखेचा घोळही याच ठिकाणी होतो. युरोप-आखाताची पुष्कळ विमानं मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरतात. १४ तारखेला रात्री १२:४० म्हणजे १३ तारखेची रात्र. पुढचं विमान १४ च्या सकाळचं हवं असताना १५ चं काढलेलं, किंवा त्याच्या उलट, अशी तिकिटं मी पाहिली आहेत. तिकीट काढताना तारखेसोबत वारही बोलून पाहा.

रस्ता कोणता घ्यावा?

मार्गानुसार अंतर साधारण ३५ ते ४५ किलोमीटर भरतं. मुख्य पर्याय दोन.

पहिला वाशीमार्गे. सहारहून पूर्व उपनगरात येऊन सायन-पनवेल महामार्ग, वाशीचा खाडीपूल आणि पुढे नवी मुंबई. अंतर कमी. ऑक्टोबर २०२४ पासून वाशीच्या नाक्यावर मोटारींना टोल नाही. पण संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर मानखुर्द ते वाशी हा पट्टा तुंबतो.

दुसरा अटल सेतूवरून. शिवडीहून निघणारा हा २१.८ किलोमीटरचा पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. एकदा पुलावर चढलात की वेळ सांगता येतो. अडचण आहे ती सहारहून शिवडीपर्यंत खाली येण्याची. दक्षिण मुंबईहून निघणाऱ्याला हा मार्ग सरळच आहे, सहारहून निघणाऱ्याला मात्र तो वळसा पडतो. म्हणून ठरवून टाकू नका, निघताना नकाशावर दोन्हींची वेळ पाहा. टोल लागतो (उद्घाटनाच्या वेळी मोटारीला एकेरी २५० रुपये ठरला होता), आणि टॅक्सीवाल्याशी तो कोण देणार हे बसण्याआधीच बोलून घ्या. या पुलावर रिक्षा आणि दुचाकीला परवानगी नाही.

रस्ताच बंद पडल्यासारखा असेल, सामान हलकं असेल आणि दुपारची वेळ असेल, तर रेल्वेचा विचार करा. टर्मिनल २ च्या स्टेशनावरून मेट्रो ३ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो १ ने घाटकोपर, मग लोकलने कुर्ला आणि कुर्ल्याहून हार्बरने नेरूळ किंवा बेलापूर, पुढे टॅक्सी. बदल जास्त वाटत असतील तर मेट्रो ३ ने थेट सीएसएमटीला जा आणि हार्बरची पनवेल लोकल तिच्या सुरुवातीच्या स्टेशनावरच धरा. वेळ जास्त लागतो, पण बसायला जागा मिळायची शक्यता बरी. संध्याकाळी कुर्ल्याला दोन मोठ्या बॅगा घेऊन हार्बरमध्ये चढायचा प्रयत्न कृपा करून करू नका.

तीन काळांत वरचे सगळे आकडे बाजूला ठेवा. पहिला, जोरदार पावसाचे दिवस. सायन, किंग्ज सर्कल, अंधेरीचा भुयारी मार्ग इथे पाणी भरलं की शहराच्या दोन बाजू तुटतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा विमानतळही बंद पडला होता. तेवढा पाऊस विरळा, पण भरतीच्या वेळी पडलेला नेहमीचा जोरदार पाऊसही तुमचं विमान चुकवायला पुरतो. दुसरा, गौरी-गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस, कारण कोकणात निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्या सायन-पनवेलवरूनच जातात. तिसरा, अनंत चतुर्दशी. या दिवशी विमानतळ बदलायचं तिकीट काढूच नये.

तुमची 'निर्णयाची वेळ' आधीच लिहून ठेवा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बहुतेकांचे पैसे बुडतात ते आशेवर. घड्याळ पुढे जात असतं, बॅग आलेली नसते आणि आपण म्हणतो, जाऊन तर पाहू. तिथे पोचेपर्यंत काउंटर बंद झालेलं असतं, आणि त्यानंतर तिकीट बदलताही येत नाही.

घरूनच उलटा हिशेब करून ठेवा: किती वाजेपर्यंत टॅक्सीत बसलात तरच पुढचं विमान मिळेल? ती तुमची निर्णयाची वेळ. वर आलेलं साडेपाचचं नागपूरचं विमान घ्या. काउंटर साडेचारला बंद. त्या वेळी रस्त्याला दीड तास आणि दारावरच्या तपासणीला अर्धा तास धरला, तर अडीचला टॅक्सीत बसलेलं असायला हवं. विमान दोनला टेकणार आहे. म्हणजे इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स सगळं अर्ध्या तासात. नाही होणार.

तेच विमान रात्री साडेआठचं असतं तर? काउंटर साडेसातला बंद. संध्याकाळच्या रस्त्याला दोन तास, तपासणीला ४० मिनिटं. निर्णयाची वेळ ४:५०. उतरल्यापासून पावणेतीन तासांहून थोडा जास्त वेळ हाताशी आहे. हे जमण्यासारखं आहे.

ही वेळ एका चिठ्ठीवर लिहा आणि मोबाइलमध्ये तिचा गजर लावून ठेवा. गजर वाजला आणि तुम्ही अजून बेल्टपाशीच असाल, तर तिथेच उभे राहून दुसऱ्या कंपनीच्या अॅपवरून तिकीट पुढच्या विमानावर बदला. बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक द्यावा लागेल, पण तिकीट जिवंत राहील. बदल किती तास आधीपर्यंत करता येतो हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. तो आकडाही त्याच चिठ्ठीवर लिहा, कारण काही वेळा बदलाची मुदत काउंटर बंद होण्याच्या बरीच आधी संपते.

आणि एक पर्याय मनात तयार ठेवा. नागपूरसाठी रात्रीची रेल्वे, गोव्यासाठी कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात, पुण्यासाठी द्रुतगती मार्ग कळंबोलीपासूनच सुरू होतो. पुण्याला जाणाऱ्याने तर विमानाचा विचारच सोडून सहारहून सरळ गाडी करावी.

बॅगांचे खाचखळगे

विमानतळ बदलताना बॅग तुमची तुम्हालाच न्यावी लागते, असं धरून चाला. तिकीट एक असलं तरी एका विमानतळाच्या बेल्टवरून दुसऱ्या विमानतळाच्या विमानात बॅग आपोआप जात नाही. निघताना काउंटरवर बॅगेच्या चिठ्ठीवरचा शेवटचा संकेत वाचा आणि बॅग कुठे घ्यायची आहे ते स्पष्ट विचारा.

वजनाचा फटका दोन तिकिटांवाल्यांना बसतो. अमेरिकेहून २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन येता आणि देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोच चालतात. उरलेल्या ३१ किलोंचे पैसे काउंटरवर किलोमागे द्यावे लागतात आणि ती रक्कम तिकिटापेक्षा जास्त होऊ शकते. जादा वजन आधीच ऑनलाइन विकत घ्या, ते काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली, अत्तर वगैरे टॅक्सीत बसण्याआधीच मोठ्या बॅगेत घाला, कारण नवी मुंबईत सुरक्षा तपासणी पुन्हा पहिल्यापासून होणार आहे.

आईवडील एकटे येत असतील तर

मुलांकडे सहा महिने राहून परतणारे आईवडील, हा या सगळ्यातला सर्वांत हळवा भाग. तिकीट परदेशातून मुलगा किंवा मुलगी काढते, स्वस्त जोड शोधते, आणि सत्तरीतल्या दोन माणसांना अनोळखी रात्री चार बॅगांसह शहर ओलांडायला लावते. हेतू वाईट नसतो. मुंबईत दोन विमानतळ झाले आहेत हे परदेशात बसून ध्यानात येत नाही, एवढंच. माझं मत स्पष्ट आहे: त्यांच्यासाठी विमानतळ बदलायचं तिकीट काढू नका, दोन-तीन हजार जास्त पडले तरी सहारहूनच सुटणारं विमान घ्या.

नाइलाजच असेल तर एवढं करा.

- व्हीलचेअर दोन्ही उड्डाणांसाठी स्वतंत्रपणे, किमान ४८ तास आधी मागा. पहिल्या विमानतळावरची व्हीलचेअर बाहेरच्या दारापाशी संपते. दुसऱ्या दारापाशी ती नव्याने मागावी लागते.
- मधल्या रस्त्यासाठी सोबत द्या. भाचा, शेजारचा मुलगा, ओळखीचा ड्रायव्हर, कोणीही चालेल, पण तो सहारच्या बाहेर उभा असला पाहिजे आणि नवी मुंबईच्या दारापर्यंत गेला पाहिजे.
- भारतातलं सिम बंद पडलेलं असतं, ओटीपी येत नाही, अॅपवरून टॅक्सी बोलावता येत नाही. निघण्याआधी ते रिचार्ज करून सुरू करून घ्या. सोबत दोन-चार हजार रुपये रोख ठेवा आणि प्रीपेड टॅक्सीचं काउंटर कुठे असतं ते सांगून ठेवा.
- मोठ्या अक्षरांत एक कागद: दोन्ही पीएनआर, कोणत्या विमानतळावर जायचं, निर्णयाची वेळ, आणि अडलं तर कोणाला फोन करायचा. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद संपत नाही.

सोबत परदेशी पासपोर्टवरची नातवंडं असतील तर त्यांचं ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागेलच, कारण विमानतळाबाहेर पडायचं आहे.

गोव्याचं थोडक्यात

गोव्यातही विमानतळ दोन आहेत. दाबोळीचा संकेत 'जीओआय' आणि मोपाचा 'जीओएक्स'. मोपाहून जानेवारी २०२३ पासून उड्डाणं सुरू झाली. दोहोंमध्ये बराच रस्ता आहे, मोपा पेडण्यात आणि दाबोळी वास्कोजवळ, तेव्हा दोन तास धरा. इथे जोड-विमानापेक्षा दुसरीच चूक जास्त होते. जाताना मोपा, परतीला दाबोळी असं तिकीट असतं आणि माणूस सवयीने आलेल्या ठिकाणीच परत जातो. गोव्यात मुंबईसारखी अॅप-टॅक्सी चटकन मिळेल असं समजू नका. टॅक्सी आदल्या दिवशी ठरवा. कदंबच्या बसही मोपाहून पणजी-मडगावला जातात, पण घाईच्या वेळी त्यांच्यावर विसंबू नका.

परदेशात विमानतळ बदलायचा असेल तर आधी व्हिसा

लंडनला हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे जायचं तिकीट स्वस्त दिसतं. भारतीय पासपोर्ट असेल तर त्या स्वस्ताईच्या आड व्हिसा उभा असतो. एकाच विमानतळाच्या आत राहून विमान बदलणं आणि इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडणं, यांसाठी ब्रिटनचे दोन वेगळे ट्रान्झिट व्हिसा आहेत. विमानतळ बदलायचा म्हणजे बाहेर पडणं आलंच, म्हणून आतल्या आत थांबण्याचा व्हिसा इथे चालत नाही. अमेरिका, कॅनडा यांसारख्या काही देशांचा वैध व्हिसा असणाऱ्यांना ठरावीक अटींवर सूट मिळते, पण त्या अटी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. मुंबईच्या चेक-इन काउंटरवर कागद अपुरे ठरले तर विमानात बसूच देत नाहीत, आणि त्यात चूक प्रवाशाची धरतात.

व्हिसा असला तर रस्ता अवघड नाही. हीथ्रो-गॅटविक थेट बस आहे. रेल्वेने जायचं तर एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डन आणि तिथून थेम्सलिंकने गॅटविक, एकच बदल. पॅरिसला शार्ल द गॉलहून ओर्लीला जायचं तर शेंगेन व्हिसा हवा. न्यूयॉर्क परिसरात जेएफके आणि न्यूअर्क यांच्यामध्ये अख्खं शहर आहे. अमेरिकेत पहिल्याच विमानतळावर सर्वांना इमिग्रेशन करावं लागतं, त्यामुळे तिथे व्हिसा लागतोच. या सर्व ठिकाणी निर्णयाच्या वेळेचा हिशेब मुंबईसारखाच करा.

चुकलंच, तर तुमचे हक्क

भारतातल्या देशांतर्गत प्रवासासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, नियम आहेत. त्यातले कामाचे एवढे:

- एकाच तिकीट क्रमांकावरचं जोड-विमान कंपनीमुळे चुकलं, तर तुम्हाला मान्य होईल असं दुसरं विमान, किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर भरपाई. भरपाई उड्डाणाच्या अवधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंत. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून याहून कमी होत असेल तर तेवढीच.
- हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई मिळत नाही.
- देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची.
- उशीर दोन तासांच्या वर गेला की लहान पल्ल्याच्या उड्डाणाला खाणंपिणं द्यायला हवं. लांब पल्ल्याला ही मर्यादा तीन-चार तासांची आहे.
- विमान तुमच्यामुळे चुकलं, अगदी 'नो-शो' झालात, तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं वापर शुल्क परत मिळतं. स्वस्त तिकिटावर ही रक्कम किरकोळ नसते. मागितल्याशिवाय ती क्वचितच येते, म्हणून लेखी मागा.

एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. प्रवाशाचा संपर्क क्रमांक कंपनीकडे नसेल तर ती भरपाई नाकारू शकते. एजंट तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकतात, वेळ बदलल्याचा निरोप त्यांनाच जातो आणि तुमचा हक्कही अडतो. तिकीट हातात आल्यावर कंपनीच्या अॅपमध्ये जाऊन आपला क्रमांक टाका.

दोन वेगळ्या तिकिटांवर दुसरं विमान चुकलं तर पहिल्या कंपनीकडून त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. तिथे आधार प्रवास विम्याचा. विमा घेताना 'जोड-विमान चुकणे' हे कलम वाचा, कारण दोन विमानांमध्ये किमान किती तास असायला हवेत याची अट पुष्कळदा त्यात असते. दाव्यासाठी पहिल्या कंपनीकडून उशीर झाल्याचं लेखी प्रमाणपत्र लागतं, ते विमानतळावरच मागा. बोर्डिंग पास, बॅगांच्या चिठ्ठ्या, टॅक्सीची पावती, कंपनीचे संदेश, काहीही फेकू नका.

तक्रार आधी विमान कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे ईमेलने करा. दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' अॅपवर किंवा संकेतस्थळावर. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी नागपूरच्या प्रवाशाला दिल्ली गाठावी लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षं.